फुगडी, गुडघे आणि सात मिनिटं

प्रकरण थोडक्यात असं. डोंबिवली पूर्वेतली एक सात मजली सोसायटी, 2023 चा पावसाळा, आणि मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेत उतरायचं मनावर घेतलेल्या बारा बायका. सगळ्यात धाकटी 31 वर्षांची, सगळ्यात थोरली 64 ची. नाच शिकलेली त्यांत एकही नाही. शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेजवर चढलेली एकच, तीही गणपतीत गाणं म्हणायला. मी त्याच सोसायटीत राहते, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. मला आधी बोलावलं ते सगळ्यांचे गुडघे बघायला. मग एकीच्या मुलीचं बाळंतपण आलं, जागा रिकामी झाली आणि गुडघे तपासणारी खेळायला उभी राहिली. तेव्हा हे टिपण तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

"हौसेने खेळा ना, स्पर्धा कशाला?" हा प्रश्न त्या दोन महिन्यांत प्रत्येकीने घरी ऐकला. नवऱ्यांनी विचारला, सासवांनी विचारला, एकीला तर दहावीतल्या मुलाने विचारला. मला वाटतं, या गटाला जी मजा आली ती स्पर्धेनेच आणली. नुसत्या हौसेवर सोडलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात कुणाकडे पाहुणे आले असते, कुणाचं डोकं दुखलं असतं आणि सगळं "पुढच्या वर्षी बघू"वर गेलं असतं. "स्पर्धा आहे" म्हटल्यावर मात्र रात्री नऊ वाजता घराबाहेर पडायला हक्काचं कारण मिळालं. कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

निमित्त कसं जुळलं

मंगळागौर म्हणजे नव्या नवरीने लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी करायची पूजा, आणि रात्री जागरणाला खेळ. झिम्मा, पिंगा, फुगडीचे नाना प्रकार, कोंबडा, किस बाई किस, नाच गं घुमा, सूप, करवंट्या, साळुंकी, गाठोडं, सवतीचं भांडण. पूर्वी हे वाड्याच्या माजघरात चालायचं. आता हॉल घेतात आणि खेळायला बिदागी देऊन गट बोलावतात; घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये शूटिंग करतात.

त्या वर्षी 30 जूनला 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेची तयारी करतात अशी त्याची गोष्ट. बायका नऊवारी नेसून थिएटरात गेल्या आणि बाहेर पडताना पार्किंगमध्येच फुगड्या घालून आल्या. पाठोपाठ स्पर्धांचं पीक आलं. महिला मंडळं तर होतीच, शिवाय आमच्याकडे महापालिकेची निवडणूक तेव्हा 2020 पासून लटकलेली होती, त्यामुळे बॅनरवर हात जोडून उभं राहायला निमित्त शोधणारे भावी नगरसेवकही भरपूर.

पंचांगानेही साथ दिली. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक मास, त्यात मंगळागौर नाही. पहिला खरा मंगळवार थेट 22 ऑगस्टला. म्हणजे पिक्चर बघून आलेला उत्साह आणि स्पर्धा यांच्यामध्ये सरावाला एक अख्खा महिना फुकट मिळाला. माझ्या दृष्टीने तो महिना नसता तर निम्म्या जणी क्रेप बँडेज बांधून स्टेजवर गेल्या असत्या.

आम्ही नाव दिलं ती स्पर्धा 3 सप्टेंबरच्या रविवारी होती. जास्तीत जास्त बारा जणी, वेळ सात मिनिटं, खेळांचे किमान दहा प्रकार, नऊवारी सक्तीची. गाणं रेकॉर्डेड चालेल, स्वतः म्हटलं तर जास्त गुण. वेळ ओलांडली की गुण कापणार.

जागा आणि जोड्या

सोसायटीचा हॉल नाही. गच्ची जुलैमध्ये शेवाळलेली. समोरचं मैदान रात्री गोविंदा पथकाच्या थरांनी अडवलेलं. उरलं तळमजल्याचं पार्किंग. गाड्या बाहेर काढायच्या, नऊ ते साडेदहा खेळायचं, गाड्या आत घ्यायच्या. दोघी दादरहून बदलापूर लोकलने येऊन, पर्स आणि डबा खांबाला टेकवून, तशाच पंजाबी ड्रेसवर उभ्या राहायच्या.

पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक होते. मी पहिल्याच दिवशी फुगडी बंद केली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. पण फुगडीत पाऊल जमिनीवर सरकत फिरावं लागतं. पेव्हरवर ते अडकतं, शरीर मात्र फिरतच असतं, आणि ती सगळी पीळ गुडघा खातो. शेवटी लिफ्टसमोरचा गुळगुळीत कोटा फरशीचा तुकडा फुगडीला राखला. तिथे एका वेळी दोनच जोड्या मावायच्या. बाकीच्यांनी तोवर झिम्मा घोटायचा.

खरा तंटा झाला जोड्यांवरून. फुगडी कुणी कुणाशी घालायची हे आपल्याकडे मैत्रीवर ठरतं. मी म्हटलं, वजनावर ठरवू. हिशोब सरळ आहे. साठ किलोची बाई दीड सेकंदात एक गिरकी घेते आणि तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून साधारण चाळीस सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर तिला बाहेर जाऊ न देता धरून ठेवायला हात आणि तळवे मिळून सुमारे चाळीस किलोचा ओढा पेलावा लागतो. जोडीदारीण पंचाऐंशी किलोची असेल तर अक्ष तिच्याकडे सरकतो. जड बाई लहान वर्तुळात फिरते आणि हलकी बाहेरून मोठ्या वर्तुळात पळते. बघायला विनोदी, पण हात सुटला तर उडणार हलकीच.

वजनकाटा माझ्या क्लिनिकमधून खाली आला. आकडे मोठ्याने सांगायचे नाहीत, मी एकटीनेच वहीत लिहायचे, या अटीवर सगळ्या चढल्या. त्यातून जोड्या निघाल्या त्या अशा की, वीस वर्षांच्या दोन जिवलग मैत्रिणी वेगळ्या झाल्या, आणि पाण्याच्या टाकीवरून कित्येक महिने एकमेकींशी न बोलणाऱ्या चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या दोघी एकत्र आल्या. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, "हिच्याशी? हिच्या हातात हात देऊ मी?" पण जोडी बदलायला पर्याय नव्हता, वजनं ग्रॅमपर्यंत जुळत होती. पहिले चार दिवस दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघत फिरल्या आणि दोघींनाही सडकून चक्कर आली. मी सांगितलं, समोरच्या कुंकवाकडे बघा. फिरताना आजूबाजूचं सगळं पळत असतं, स्थिर असतो तो फक्त जोडीदारणीचा चेहरा. आणि थांबताना झटकन हात सोडायचे नाहीत, वेग उतरवत यायचं, कारण कानाच्या आतलं पाणी आपण थांबल्यावरही फिरत राहतं. हा सल्ला मी चक्करसाठी दिला होता. एकमेकींच्या कपाळाकडे रोज अर्धा तास बघितल्यावर पाण्याच्या टाकीचं भांडण कुठे गेलं ते मला विचारू नका. स्पर्धेत आमच्या सगळ्यात वेगवान फुगड्या या दोघींच्या होत्या.

आणखी एक गोष्ट, जी बायका गटात बोलत नाहीत. कोंबड्यात उकिडवं बसून उड्या मारायच्या, वर हसायचं. बाळंतपणं झालेल्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकींना अशा वेळी लघवीचे थेंब सुटतात. त्यावर आमच्या गटाने काढलेला तोडगा म्हणजे दुपारपासून पाणीच न पिणं. ऑगस्टच्या उकाड्यात हा शुद्ध वेडेपणा होता. मला हे कळलं ते एकीने कोपऱ्यात गाठून विचारलं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि फरक पडायला किमान सहा आठवडे लागतात हेही सांगितलं. आधी पदराआडून हसणं झालं. मग एक म्हणाली, "मला वाटलं मला एकटीलाच." मग दुसरी. कोंबडा आम्ही तिघी तरुण जणींनाच दिला, पण पाणी सगळ्या प्यायला लागल्या.

काकूंचं काय करायचं

गटातल्या थोरल्या काकूंचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. चालणं, टाळ्या, हळू गिरकी, सगळं चालेल. उडी, उकिडवं बसणं आणि पाऊल रोवून पीळ देणं नाही. म्हणजे फुगडीचा एकही प्रकार नाही. खेळांची यादी करायला बसलो तेव्हा एकीने स्पष्टच म्हटलं की जिंकायचं असेल तर बारावी जागा वाया घालवता येणार नाही, तळमजल्यावरची कॉलेजातली मुलगी घेऊ. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गुण एकसारखेपणाला होते. काकू तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या की तिला. मी तुमचे डबे सांभाळीन."

यावर कुणाला काय बोलावं सुचेना. मग बँकेत नोकरी करणाऱ्या एकीने वही ओढली, डावीकडे खेळ लिहिले, वरती नावं लिहिली आणि मला एकेक फुली मारायला लावली. या कामात ती तरबेज; कर्जाचे अर्ज तिने आयुष्यभर असेच तपासले. फुल्या मारून झाल्यावर दिसलं की सगळे खेळ येणाऱ्या आमच्यात चौघीच होत्या. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, कुणाला बीपी. फरक एवढाच की काकूंचं ऑपरेशन सगळ्यांना माहीत होतं.

काकूंना दोन जागा मिळाल्या. पहिली नाच गं घुमामध्ये. घुमाला नाच म्हणतात आणि ती दर कडव्याला नवं कारण पुढे करते: अंगाला हे नाही, पायात ते नाही. काकूंनी स्वतःचं कडवं रचलं, त्यात गुडघाच बदललाय तर नाचू कशी म्हणून विचारलं आणि साडी घोट्याच्या वर उचलून ऑपरेशनचा पाय पुढे केला. पार्किंगमध्ये वॉचमनसुद्धा हसला.

दुसरी जागा गोफात, अगदी मध्ये. गोफाला रंगीत दोर वर एका जागी बांधलेले असतात, एकेक टोक एकेकीच्या हातात. खेळणाऱ्यांची संख्या सम हवी. निम्म्या उजवीकडून निघतात, निम्म्या डावीकडून. समोरून येणारीला एकदा आतून जाऊ द्यायचं, पुढचीला बाहेरून. वर दोर वेणीसारखे विणले जातात. मग सगळ्यांनी उलट फिरून तीच वेणी सोडवायची. गोव्यात काणकोणकडे शिगम्यात हा खेळ फार देखणा होतो, दोर मांडावर, म्हणजे गावच्या खेळांच्या ठरलेल्या जागेवर, वरून सोडलेले असतात. आमच्याकडे वर बांधायला काही नव्हतं. मंडपवाल्याचा लोखंडी पाइप आणला, त्याच्या डोक्यावर सायकलची रिंग बसवली आणि तो पाइप धरून काकू मध्ये उभ्या राहिल्या. आठ जणी फिरणार, तिघी गाणार. विणणं कुणालाही जमतं. सोडवताना मात्र विणतानाची एकीची चूक आठही जणींना नडते, आणि फिरणारीला आपली चूक दिसत नाही. ती दिसते फक्त मध्ये उभी असलेलीला. आठ दिवसांत काकू गाण्याच्या चालीवरच "आत" आणि "बाहेर" सांगायला लागल्या. डबे सांभाळणारी बाई गोफाची मालकीण झाली आणि चुकणारीला चारचौघांत झापूही लागली. जरा जास्तच झापत, खरं सांगायचं तर.

दुखण्याबद्दल एक व्यावसायिक तक्रार इथे नोंदवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका तालात, एकसारखं नाचल्यावर त्यांची दुखणं सोसण्याची मर्यादा वाढली आणि सोबत नाचणारे जास्त जवळचे वाटू लागले. मला हा परिणाम पार्किंगमध्ये रोज दिसत होता. पायऱ्या उतरताना कठडा धरणारी बाई झिम्म्यात खुशाल दणकत होती. वाचायला छान वाटतं, पण फिजिओच्या डोक्याला ताप. दुखणं तिथेच असतं, फक्त कळ लागत नाही, आणि घरी गेल्यावर साडेअकराला माझा फोन वाजतो.

3 सप्टेंबर

सभागृह एका शाळेचं. बावीस गट, आमचा नंबर सतरावा. दुपारी दोनला हजर राहायचं होतं, स्टेजवर गेलो सहानंतर. चार तास नऊवारीत, नथीत आणि खोप्यात. काष्टा एकदा घट्ट बसला की स्वच्छतागृहात जाणं हा दोन माणसांचा प्रकल्प होतो. ज्यांनी हे सोसलंय त्यांना सांगायला नको.

दारात आयोजकांची एक मुलगी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती, आत येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावत होती. आमच्यातल्या एकीचे यजमान कोविडमध्ये गेलेत. मंगळागौर पडली सवाष्णींची. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला त्याला सव्वा वर्षच झालं होतं, पण ठराव कोल्हापुरात होतो आणि तबक डोंबिवलीत समोर येतं. ती सवयीने एक पाऊल मागे सरकली. तेव्हा तिची फुगडीची जोडीदारीण मुलीला म्हणाली, "हिला नीट लाव गं, ठसठशीत. फिरताना मला तिथेच बघायचं असतं." मुलीला यातलं काही माहीत नसावं. तिने लावलं. ती मागे सरकली होती हे आमच्याखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्टेजवर लाल कार्पेट होतं, खाली न चिकटवलेलं. आधीच्या सोळा गटांनी त्याच्या मधोमध दोन सुरकुत्या पाडून ठेवल्या होत्या. पिंगा आणि झिम्मा निभावले. फुगडीला पहिल्याच गिरकीत एकीचा अंगठा सुरकुतीत अडकला. मी शेजारच्या जोडीत फिरत होते. कानावर पडलं ते फक्त "धर, धर". दोघींनी वेग उतरवला, फिरत फिरतच दोन पावलं मागे सरकल्या आणि मोकळ्या जागेत पुन्हा वेग घेतला. चौथा आणि पाचवा मजला! प्रेक्षकांना वाटलं बसवलेलंच आहे, टाळ्या पडल्या.

घुमाच्या गुडघ्याला सभागृह हसलं. दोन परीक्षकांपैकी एक हसल्या, दुसऱ्यांनी काहीतरी लिहिलं. पारंपरिक गाण्यात बदल केल्याबद्दल दोन गुण गेल्याचं नंतर कळलं. त्या खेळांच्या गाण्यांत दर पिढीने आपली दुखणी घातली आहेत असं माझं मत, पण परीक्षकांशी वाद घालायची ती जागा नव्हे.

शेवटी गोफ. विणून झाला, उलट फिरायला लागलो आणि तिसऱ्या फेरीला दोर ताणला. कुणीतरी लागोपाठ दोनदा आतून गेली होती. (कोण ते सोसायटीत अजून उघड झालेलं नाही. तिघींवर संशय आहे.) काकूंनी पाइप घट्ट धरला, गाणं थांबवलं नाही, शब्द मात्र बदलले: चालीवरच हिरव्या दोराला मागे बोलावलं, पिवळ्याला थांबवलं. आठही जणी जागच्या जागी ठेका धरून उभ्या राहिल्या, हिरवी एक घर मागे गेली, गाठ सुटली. वेळ संपल्याची घंटा वाजली. आम्हाला थांबता आलं असतं, गुणांचं भान असतं तर थांबायलाच हवं होतं. कुणीच थांबलं नाही. पूर्ण सोडवला, आठ दोर आठ हातांत सरळ आले तेव्हा सात मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एक ढाल आणि प्रत्येकीला स्टीलचा डबा. पहिला आलेला गट फारच सफाईदार होता, तोच यायला हवा होता. परतताना रिक्षांत आम्ही ढालीपेक्षा त्या चाळीस सेकंदांबद्दलच भांडत होतो, निम्म्या म्हणत होत्या सोडून द्यायला हवा होता. त्या भांडणात जो जोर होता तो मी या बायकांमध्ये आधी कधी ऐकला नव्हता. सोसायटीच्या मीटिंगला याच सगळ्या मागच्या रांगेत गप्प बसायच्या.

त्यानंतर

आठवड्याभरात मंगळागौरी खेळायला बोलावणी आली. एकाने पाच हजार एक रुपये सांगितले. इथे गट जवळजवळ मोडला. चौघींचं म्हणणं, घेऊ, घाम आपला आहे, साड्या आपल्या पैशांच्या आहेत. बाकीच्यांचं म्हणणं, पैसे घेतले की यजमानीण सांगेल ते आणि सांगेल तेव्हा खेळावं लागेल, काकूंना कोण बोलावणार? मला चौघींचा मुद्दा जास्त पटत होता. बाईच्या कष्टाला हौस म्हटलं की ते फुकटात मिळतात, हे मी रोज बघते. तरी मत मी हौशी राहण्याच्या बाजूने दिलं. बिदागीच्या गटात नाचणाऱ्या बायका उपचाराला येतात, आणि श्रावणात त्यांना एकही दिवस पाय वर घेऊन बसता येत नाही. दोघी पुढे एका व्यावसायिक गटात गेल्या, चांगलं कमावतात, भेटल्या की आमच्या गोफाची चौकशी करतात.

2024 च्या श्रावणात आमच्याकडे चौदा नावं आली, स्पर्धेला मात्र बाराच जणी चालतात. कुणाला वगळायचं नाही, म्हणून दर स्पर्धेला दोघींनी आळीपाळीने बाहेर बसायचं असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी माझी निघाली, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.